हसण्याच्या सनावळ्या : ब्रिटनच्या सरकारी ओळखपुस्तकाचे परीक्षण

ब्रिटनमध्ये कायमचे वास्तव्य किंवा नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला त्या देशाची किमान किती माहिती असावी, हे तेथील गृहखात्याने एका पुस्तकात बांधून ठेवले आहे. ‘लाइफ इन द युनायटेड किंग्डम : अ गाइड फॉर न्यू रेसिडेंट्स’ हे त्याचे नाव. तिसरी आवृत्ती २०१३ सालची, पाच प्रकरणांची, आणि प्रकाशनाच्या वेळची किंमत १२.९९ पौंड. या पुस्तकावरच परीक्षा होते : २४ प्रश्न, ४५ मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी किमान १८ उत्तरे बरोबर, शुल्क ५० पौंड, नापास झालात तर सात दिवस थांबायचे, पुन्हा पैसे भरायचे आणि पुन्हा बसायचे. मी ती परीक्षा काही वर्षांपूर्वी दिली होती. यंदा माझ्या धाकट्या जावेची पाळी आली, म्हणून तिच्यासोबत हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचले, आणि या खेपेस मानेवर परीक्षा नसल्यामुळे खरे तर पहिल्यांदाच नीट वाचले.

आमच्या हाती आलेली प्रत जुनी होती. लेस्टरमधल्या एका मराठी कुटुंबाकडून ती आमच्याकडे आली आणि त्यांच्याकडे आणखी कोणाकडून तरी आलेली असावी, कारण समासात दोन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. चौथ्या प्रकरणात, जेथे ब्रिटिश विनोदाविषयीचा मजकूर आहे, तेथे एकाने ‘१९६९’ या सालाभोवती गोल काढून शेजारी बारीक अक्षरात ‘पाठ’ असे लिहिले होते. जावेने ते पाहिले आणि विचारले, “ताई, यात हसायचं नक्की कुठे?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडते का, एवढ्याच अंगाने मी पुढचे परीक्षण लिहीत आहे; कारण देशाची माहिती आणि देशाचा विनोद या दोन गोष्टी एकाच जिल्दीत शिकवण्याचा घाट या पुस्तकाने घातला आहे, आणि त्यातली एक त्याला बऱ्यापैकी साधली आहे.

विनोदाचा मजकूर जेमतेम पानभराचा आहे. उपहास, प्रहसन आणि स्वतःवर हसण्याची क्षमता हा या देशाच्या स्वभावाचा महत्त्वाचा भाग आहे, असे विधान करून लेखक मध्ययुगातल्या राजदरबारांतील विदूषकांपासून सुरुवात करतात. मग शेक्सपिअरच्या नाटकांतली विनोदी पात्रे, अठराव्या शतकातील राजकीय व्यंगचित्रे, एकोणिसाव्या शतकातील उपहासात्मक नियतकालिके आणि त्यांत अग्रगण्य ‘पंच’, आजचे ‘प्रायव्हेट आय’, म्युझिक हॉल नावाच्या करमणुकीच्या नाट्यगृहांतील नट आणि तेथून दूरचित्रवाणीवर गेलेली मोरकम व वाइज ही जोडी, साठच्या दशकातला आणि ऐंशीच्या दशकातला एकेक उपहासात्मक कार्यक्रम, शेवटी १९६९ साली आलेली मॉन्टी पायथन मंडळी, ज्यांनी एका नव्या, ‘प्रगतिशील’ प्रकारच्या विनोदाची सुरुवात केली, असे पुस्तक सांगते. हे विशेषण मी तीनदा वाचले. मेलेला पोपट परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार ‘तो विश्रांती घेतोय’ असे पटवत राहतो, या प्रकाराला प्रगतिशील म्हणणारा माणूस एक तर सरकारी खात्यातला असला पाहिजे किंवा स्वतःच अतिशय तयारीचा विनोदी लेखक असला पाहिजे.

यातले एकही विधान चुकीचे नाही. ‘पंच’ १८४१ साली लंडनमध्ये निघाले, हे खरे. त्याचा डंका एवढा वाजला की १८५४ साली मुंबईत ‘पारशी पंच’ निघाले आणि पुढे तेच ‘हिंदी पंच’ या नावाने गाजले. पण हे मुंबईचे टोक पुस्तकात नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. विनोद केव्हा झाला हे पुस्तक सांगते. विनोद आत्ता, आपल्यासमोर, आपल्याशीच चालला आहे हे ओळखायचे कसे, ते सांगत नाही. आणि परदेशातून येऊन तेथे नोकरी करणाऱ्या, मुलांना शाळेत पोहोचवणाऱ्या, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलणाऱ्या माणसाला गरज असते ती दुसऱ्या गोष्टीची.

मोरकम आणि वाइज यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे नाव पुस्तकात आहे, पण ते काय करत असत हे नाही. १९७१ च्या नाताळच्या कार्यक्रमात आंद्रे प्रेव्हिन या खऱ्याखुऱ्या, नामांकित वाद्यवृंद-संचालकाला त्यांनी बोलावले होते. एरिक मोरकम पियानोवर बसून ग्रीग या संगीतकाराची रचना अशी काही बडवतो की संचालकाचा चेहरा पडतो. तो हरकत घेतो, तेव्हा एरिक उठून त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरतो आणि आवाज न चढवता सांगतो की, सूर मी सगळे बरोबरच वाजवतोय, फक्त ते बरोबर क्रमानेच वाजवतोय असे नाही. हे एक वाक्य पुस्तकात दिले असते, तर नवख्या माणसाला दोन पाने वाचून जे कळणार नाही ते कळले असते : चूक कबूल करायची, पण ती कबुली इतक्या सभ्य आणि तांत्रिक शब्दांत द्यायची की समोरच्याला रागावण्यासाठी जागाच उरू नये, आणि हे सगळे चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. ब्रिटिश विनोदाचा गाभा कमी बोलण्यात आहे, विषय कितीही मोठा असो. त्याविषयी पुस्तकात चकार शब्द नाही.

या मौनाची किंमत मी स्वतः मोजली आहे. तेथील माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या वरिष्ठांनी माझा एक अहवाल वाचून तो ‘क्वाइट गुड’ असल्याचे सांगितले. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘क्वाइट’ म्हणजे चांगलेच, भरपूर. मी तो अहवाल आनंदाने घरी दाखवला, आईला फोनवर सांगितले, आणि पुढचे तीन अहवाल नेमके त्याच साच्यात लिहिले. चौथ्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या एका सहकारी बाईंनी हळूच समजावले की त्या दोन शब्दांचा अर्थ ‘ठीक आहे, चालवून घेऊ’ असा होता. तसेच ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे पुष्कळदा ‘मला हे पटलेले नाही’, ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे आता आदर बाजूला ठेवला जाणार, आणि प्रकृती विचारल्यावर ‘नॉट टू बॅड’ म्हणणारा माणूस बहुधा उत्तम असतो. हा कोश मी वर्षभर धडपडून स्वतः जमवला. खरे तर पुण्याच्या माणसाला हे शिकायला एवढा वेळ लागायला नको होता. जेवण कसे झाले, यावर ‘वाईट नव्हते’ हे उत्तर सदाशिव पेठेत आजही पहिल्या वर्गाचे प्रशस्तिपत्र समजले जाते, आणि दारावरच्या पाटीतून पाहुण्याचा जो सविनय पाणउतारा होतो त्याचे नाते थेट इंग्रजी तिरकसपणाशी आहे. फरक असलाच तर एवढा की पुण्यात माणूस चिडला आहे हे पाटीवरून कळते. तेथे ते कळायलाही तिसरा माणूस लागतो.

पुस्तक जेथे विनोदाची व्याख्या करायला जात नाही, तेथे मात्र नकळत विनोद करून जाते. नाताळच्या सुमारास होणाऱ्या ‘पँटोमाइम’ या नाट्यप्रकाराची ओळख त्यात अशी आहे : परीकथांवर आधारलेली, संगीताची आणि गमतीची नाटके, त्यात ‘डेम’ नावाचे एक पारंपरिक पात्र असते, ती बाई असून पुरुष तिचे काम करतो, शिवाय एकाच पोशाखात शिरलेले दोन नट मिळून घोडा किंवा गाय होतात. वाक्यांची ठेवण विजेच्या मीटरच्या माहितीपत्रकासारखी आहे. जावेला मी सांगितले की, अगं, ही आपल्या तमाशातली मावशी; मिशा काढलेला बाप्या लुगडे नेसून गौळणींच्या पुढे उभा राहतो आणि कृष्णाशी हुज्जत घालतो, तोच प्रकार. तिला एका क्षणात कळले. पुस्तकाला मावशी ठाऊक नाही हा काही त्याचा दोष नव्हे; पण डेम प्रेक्षकांशी भांडते, प्रेक्षक रंगमंचाकडे पाहून ‘नाही, नाही, तसे नाही’ असे ओरडतात आणि चार वर्षांचे मूल व सत्तर वर्षांचे आजोबा एकाच दमात ओरडतात, एवढे तरी सांगायला हवे होते. पहिल्यांदा पँटोमाइमला गेलेले परदेशी कुटुंब कसे ओळखावे? सगळे सभागृह ओरडत असताना जे शिस्तीत बसलेले असते, ते. आम्ही तसेच बसलो होतो.

एक एप्रिलविषयी पुस्तक सांगते की या दिवशी दुपारी बारापर्यंत लोक एकमेकांची थट्टा करतात आणि वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणीही खोट्या बातम्या देतात. बारा वाजताची ही हद्द महत्त्वाची आहे, बाराच्या पुढे थट्टा करणारा स्वतःच मूर्ख ठरतो असा संकेत आहे. पण उदाहरण येथेही नाही. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या भारदस्त वृत्तकार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या एका कुटुंबाच्या झाडांवरून स्पगेटीचे पीक काढतानाची चित्रफीत दाखवण्यात आली होती. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचे. म्हणजे ज्या आवाजात राष्ट्राने राणीच्या राज्याभिषेकाचे वर्णन ऐकले, त्याच आवाजात. काही प्रेक्षकांनी दुसऱ्या दिवशी अशी झाडे कोठे मिळतील, याची चौकशी केली. हा विनोद चालला तो आवाजाच्या प्रतिष्ठेमुळे, आणि ती प्रतिष्ठा पणाला लावण्याची तयारी संस्थेने दाखवली म्हणून. ‘स्वतःवर हसण्याची क्षमता’ हे पुस्तकातले कोरडे शब्द येथे सजीव होतात.

आता त्याच्या जमेच्या बाजूकडे यायला हवे, कारण ती लहान नाही. मूलभूत माहिती देण्याच्या कामात हे पुस्तक चोख आहे. इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंग्डम या तिन्ही नावांचा आपल्याकडे जो काला होतो तो दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच निवळतो : ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स, त्यात उत्तर आयर्लंड मिळवले की युनायटेड किंग्डम, चॅनेल बेटे आणि आइल ऑफ मॅन राजमुकुटाच्या छत्राखाली, पण राज्याबाहेर. एडिनबर्गच्या माणसाला ‘तुम्ही इंग्लिश लोक’ म्हणून आलेल्या कोणाही पाहुण्याला या एका परिच्छेदाची किंमत कळेल. राष्ट्रध्वजात तीन संतांचे क्रूस आहेत पण वेल्सचा ड्रॅगन का नाही, याचे उत्तरही आहे : १६०६ साली पहिला संयुक्त ध्वज तयार झाला तेव्हा वेल्स आधीच इंग्लंडशी जोडलेला होता. चार राष्ट्रांचे चार संत, त्यांचे दिवस आणि त्यांपैकी फक्त स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, ही माहितीही नेमकी आहे. लेखी राज्यघटना नसताना राज्य कसे चालते, ज्युरी म्हणून न्यायालयात कोणाला बोलावले जाते, मत कोणाला देता येते, हे शेवटचे प्रकरण नीट समजावते. शेजाऱ्यांविषयीचा परिच्छेद तर मला आवडतो : घरी नवे आलात तर आपणहून ओळख करून घ्या, आवाज कमी ठेवा, बाग नीटनेटकी ठेवा आणि कचऱ्याचे डबे नेमक्या दिवशीच बाहेर काढा. यातल्या डब्यांच्या सूचनेवर आमच्या गल्लीतली निम्मी भांडणे अवलंबून आहेत.

इतिहासाच्या प्रकरणात आपल्या वाचकाला थांबायला लावणारी जागा म्हणजे शेख दीन महंमद यांची चौकट. १७५९ साली जन्मलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होता, पुढे ब्रिटनमध्ये आला, मग आयर्लंडला गेला, तेथील जेन डेली या मुलीबरोबर १७८६ साली पळून जाऊन लग्न केले आणि १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तान कॉफी हाउस’ काढून त्या शहराला पहिले करी हाउस दिले. चंपीची, म्हणजे ‘शॅम्पू’ची, ओळखही त्या देशाला त्यानेच करून दिली. सहा बायकांच्या राजाची माहिती सर्वत्र मिळते. ही मिळत नाही. रुडयार्ड किपलिंगचा जन्म मात्र नुसता ‘भारतात’ १८६५ साली झाला असे लिहून सोडले आहे. तो जेथे जन्मला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे आवार ज्यांनी पाहिले आहे त्यांना येथे हळहळ वाटेल. लेखकांच्या यादीत ऑस्टिन, डिकन्स, हार्डी, वॉ, ग्रीन आहेत, पण वुडहाउस नाही. ज्या लेखकावर आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी ब्रिटिश विनोदाची बाराखडी गिरवली, तो त्याच देशाच्या अधिकृत परिचयातून गळावा, याला काय म्हणावे?

क्रिकेटवरचा मजकूर हा पुस्तकातला एकमेव ठिकाणचा मोकळा श्वास. सामना पाच दिवस चालूनही अनिर्णित राहू शकतो, हे सांगताना लेखकाच्या ओठांचा कोपरा किंचित हललेला जाणवतो. आणि मग ‘स्टिकी विकेट’, ‘गुगली टाकणे’, ‘हे काही क्रिकेट नव्हे’ असे रोजच्या बोलण्यात मुरलेले वाक्प्रचार येतात. जावेने हे पान वाचलेच नाही. ज्या घरात पोळी उलटताना नवऱ्याला गुगली टाकली जाते, तेथे ते वाचायची गरज नाही.

या पुस्तकाची जुनी आवृत्ती पाहिली की आताच्या आवृत्तीचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. २००४ सालची पहिली आवृत्ती राज्यशास्त्राचे प्राध्यापक सर बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील गटाने तयार केली होती. त्यात पबविषयी एक वाक्य होते : अनोळखी माणसाचे पेय तुमच्या धक्क्याने सांडले तर त्याला दुसरे घेऊन देऊ करणे हे शिष्टाचाराचे आहे, आणि शहाणपणाचेही. शेवटच्या दोन शब्दांकडे पाहावे. संभाव्य मारामारीचा पूर्ण इतिहास त्यांत आहे आणि तिचा उल्लेख कोठेही नाही. विनोदावर एक ओळही न खर्चता त्या वाक्याने परदेशी माणसाला तो शिकवला होता. २०१३ साली पाण्याचे मीटर, रेल्वेचे वेळापत्रक असल्या ‘क्षुल्लक’ गोष्टी काढून टाकून मूल्ये आणि इतिहास यांवर भर दिल्याचे तत्कालीन मंत्र्यांनी सांगितले. त्या सफाईत तो सूरही पुसला गेला. डरहम विद्यापीठाचे टॉम ब्रुक्स, जे स्वतः अमेरिकेतून येऊन ही परीक्षा उत्तीर्ण झालेले आहेत, त्यांनी तिची तुलना पबमधल्या वाईट प्रश्नमंजूषेशी केली, आणि २०२२ साली उमरावांच्या सभागृहाच्या एका समितीनेही अडगळीतल्या माहितीच्या या निवडीवर कठोर शब्दांत टीका केली. मला ब्रुक्स यांची तुलना थोडी अन्यायाची वाटते. पबमधल्या प्रश्नमंजूषेत निदान कोणी तरी हसते.

विकत घ्यायचे की नाही? परीक्षा असेल तर पर्याय नाही. प्रश्न यातूनच येतात आणि बाजारातली सोपी टिपणे वाचून बसणारे लोक साल-सनावळीत अडकतात. तीन आठवडे रोज एक तास पुरतो. परीक्षा नसेल आणि केवळ देश समजून घ्यायचा असेल, तर दुसरे, तिसरे आणि पाचवे प्रकरण वाचावे, चौथे चाळावे, आणि विनोदासाठी मोरकम-वाइज व प्रेव्हिन यांचा तो प्रवेश व स्पगेटीची ती चित्रफीत पाहावी. दोन्ही मिळून वीस मिनिटांच्या आत होते. जुनी प्रत घेत असाल तर जपून. २०१३ साली छापलेल्या पानांवर राणी एलिझाबेथ अजून सिंहासनावर आहेत आणि ब्रिटन अजून युरोपीय संघात आहे. अशी प्रत परीक्षेसाठी घेऊ नये.

हे लक्षात आल्यावर आम्ही जावेसाठी नवी प्रत मागवली. जुनी प्रत तिच्या टेबलावरून माझ्या कपाटात आली. नव्या प्रतीत ते पान उघडून तिने पेन्सिल घेतली, थोडा वेळ विचार केला, आणि १९६९ भोवती स्वतःचा गोल काढला.